संशय आणि शाबिती



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला या वाचनालयात गेली कित्येक वर्षे अखंड चालू आहे, त्या डॉक्टरांचा माझा प्रत्यक्ष सहवास फार थोडा. परंतु रोगी समोर येऊन बसला की नाडी पाहण्याच्याही आधी "घरी चालू असलेल्या औषधांची पिशवी इथे टेबलावर रिकामी करा" असे ते म्हणत, ही आठवण इथल्या जुन्या मंडळींपैकी अनेकांनी मला सांगितली आहे. आज मी जे बोलणार आहे, ते एका अर्थी त्या पिशवीविषयीच आहे. उदासी, धास्ती, द्विध्रुवी विकार अशा मनाच्या दुखण्यांवर रीतसर उपचार घेणारा माणूस जेव्हा नोकरीच्या उंबरठ्यावर अमली पदार्थांच्या तपासणीसाठी लघवीचा नमुना देतो, आणि त्या तपासणीचा निकाल त्याच्यावर व्यसनाचा शिक्का मारून बाहेर येतो, तेव्हा नेमके काय घडलेले असते आणि त्या निकालाला किती किंमत द्यावी, हा माझा विषय आहे. मुंबईतील एका रुग्णालयाच्या जीवरसायन विभागात माझी हयात गेली. असे निकाल मी स्वतःच्या सहीने दिलेले आहेत. म्हणून जे सांगतो ते दूरस्थाचे मत समजू नये.

प्रथम ती तपासणी कशी होते ते पाहू. बोटाएवढी लांब प्लॅस्टिकची पट्टी, तिच्या एका टोकाला लघवीचे काही थेंब सोडायचे, आणि पाच मिनिटे थांबून खिडकीत दिसणाऱ्या रेघा वाचायच्या, एवढाच तो विधी. खिडकीशेजारी दोन अक्षरे छापलेली असतात, 'सी' आणि 'टी'. 'सी'ची रेघ पट्टी शाबूत आहे एवढेच सांगते. माणसाचे भवितव्य 'टी'पाशी ठरते. आणि इथेच नवख्याचा घोटाळा होतो, कारण गर्भधारणेच्या तपासणीत दुसरी रेघ उमटणे म्हणजे होकार, हे आपल्या सर्वांच्या मनात बसलेले असते, तर या पट्टीत सगळे उलटे असते. रेघ उमटली तर माणूस निर्दोष. अगदी पुसट, डोळे ताणून पाहावी लागणारी रेघ असली तरीही निर्दोष. रेघ उमटलीच नाही तर संशयित. कारण असे, की पट्टीत सोन्याच्या सूक्ष्म कणांना जोडलेली प्रतिपिंडे असतात, आणि 'टी'च्या जागी ज्या पदार्थाचा शोध घ्यायचा त्याचाच अंश चिकटवून ठेवलेला असतो. लघवीत तो पदार्थ नसेल तर प्रतिपिंडे वाहत जाऊन त्या अंशाला बिलगतात व लाल रेघ दिसते, आणि असेल तर ती वाटेतच अडकतात व जागा कोरी राहते.

आता या प्रतिपिंडाची ओळखशक्ती किती? अ‍ॅम्फेटामिनसारखा रेणू इतका लहान असतो, की प्राण्याच्या शरीरात तो एकटा सोडला तर शरीर त्याची दखलही घेत नाही. म्हणून त्याला एखाद्या मोठ्या प्रथिनाच्या पाठीवर बसवून टोचतात, आणि मग जी प्रतिपिंडे तयार होतात ती त्या रेणूचा उघडा राहिलेला भाग तेवढा ओळखतात. पाठमोऱ्या आकृतीवरून माणूस ओळखणाऱ्या रखवालदारासारखी त्यांची गत असते. तशाच बांध्याचा दुसरा कोणी गेला तरी तो त्याला हटकणारच. हा दोष कारागिरीचा नसून पद्धतीच्या मुळातला आहे. ज्या रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी प्रतिपिंडांच्या साह्याने रक्तातील इन्सुलिन मोजण्याची युक्ती १९५० नंतरच्या दशकात सिद्ध केली, त्यांचे कार्य वैद्यकाच्या इतिहासात थोरच आहे. बर्सन १९७२ सालीच निवर्तले, आणि १९७७च्या नोबेल पारितोषिकात एकट्या यॅलोंना वाटा मिळाला. परंतु रोग्याच्या हितासाठी निघालेले साधन रोजगाराच्या दारावर पहाऱ्याला बसवले, की त्याच्या मर्यादांकडे पाहण्याची दृष्टीही बदलावी लागते; ती मात्र बदलली नाही.

हे स्थित्यंतर मुख्यतः अमेरिकेत झाले. व्हिएतनाममधून परतणाऱ्या सैनिकांची हेरॉइनसाठी लघवी तपासण्याचा हुकूम १९७१ साली निघाला. १५ सप्टेंबर १९८६ रोजी अध्यक्ष रेगन यांनी संघराज्याच्या नोकरवर्गासाठी तपासणीचे फर्मान काढले. आणि पुढल्याच जानेवारीत मेरीलँडमधील चेस येथे इंजिने व प्रवासी गाडी यांची टक्कर होऊन १६ माणसे दगावली व इंजिनचालकाच्या शरीरात गांजाचा अंश सापडला, तेव्हा १९९१च्या कायद्याने रेल्वे, विमान, मोटार अशा सर्व वाहतुकीला ही तपासणी लागू झाली. मी या तपासणीच्या विरुद्ध बोलायला उभा नाही, हे इथेच स्पष्ट करतो. ज्याच्या हाती शेकडो जिवांचे सुकाणू आहे, त्याची शुद्ध तपासण्याचा समाजाला हक्क आहे. माझा आक्षेप शहानिशा न करता निवाडा देण्याला आहे.

आता औषधांकडे वळू. बुप्रोपिऑन हे औषध भारतीय वंशाचे रसायनशास्त्रज्ञ नरिमन मेहता यांनी अमेरिकेतील बरोज वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत घडवले. १९८५ साली तिथे त्याला परवाना मिळाला, झटके येण्याच्या भयाने ते मागे घेण्यात आले, आणि मात्रा कमी करून १९८९ साली पुन्हा बाजारात आले. उदासीवर ते देतात, आणि सिगारेट सोडू पाहणाऱ्यालाही देतात. त्याचे जुने नाव 'अ‍ॅम्फेब्युटामोन' होते, आणि त्या नावातच त्याची सोयरीक उघड झालेली आहे: त्याचा सांगाडा अ‍ॅम्फेटामिनच्या कुळातला, पण नशा आणण्याचा गुण त्याच्यात नाहीसारखा. पट्टीवरच्या रखवालदाराला गुण दिसत नाही, सांगाडा दिसतो. म्हणून बुप्रोपिऑन घेणारा माणूस अ‍ॅम्फेटामिनचा व्यसनी ठरू शकतो. ट्रॅझोडोनच्या विघटनातून निघणारा एक पदार्थही हाच घोटाळा करतो. व्हेन्लाफॅक्सिनमुळे फेन्सायक्लिडिन नावाच्या, आपल्याकडे कोणी फारसे पाहिलेलेही नाही अशा, मादक पदार्थाचा आरोप येतो. क्वेटियापिनमुळे मेथाडोनचा येतो. आणि आपल्याकडे ज्याच्या चिठ्ठ्या रोज लिहिल्या जातात ते सर्ट्रालिन बेंझोडायझेपिन, म्हणजे गुंगी आणणाऱ्या गोळ्यांच्या वर्गातले, म्हणून पकडले जाऊ शकते, औषध बंद केल्यावरही काही दिवस पकडले जाऊ शकते, हे अमेरिकेत त्या औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातच छापलेले आहे.

याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून पाहा. क्लोनाझेपाम हे खरेखुरे बेंझोडायझेपिन, झोपेसाठी आपल्याकडे कितीतरी लोक ते सर्रास, पुष्कळदा चिठ्ठीवाचूनही, घेतात. पण शरीरात त्याचे जे रूपांतर होते ते अनेक पट्ट्यांच्या प्रतिपिंडांना नीट ओळखू येत नाही. म्हणजे क्लोनाझेपाम घेणारा सुखरूप सुटतो आणि सर्ट्रालिन घेणारा अडकतो, असे एकाच सकाळी, एकाच टेबलावर घडू शकते. हे मी स्वतः पाहिले आहे.

या संदर्भात थोडा हिशेब करावा लागेल. समजा, एका कंपनीत १,००० माणसे आहेत, त्यांपैकी १० खरोखर मादक पदार्थ घेतात, आणि पट्टी इतकी चांगली आहे की ती दहाही जणांना पकडते व निर्दोषांपैकी शेकडा दोघांनाच चुकून अडकवते. राहिलेल्या ९९० जणांत शेकडा दोन म्हणजे सुमारे २० माणसे. एकंदर ३० जण पकडले गेले, त्यांत दोष असलेले १० आणि नसलेले २०. "शेकडा अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर" या जाहिरातीवर विसंबून जो अधिकारी त्या तीसही जणांना घरी धाडतो, त्याने दोन तृतीयांश अन्याय केलेला असतो. आणि हे वीस जण सोडतीने निवडलेले नसतात. त्यांच्यात औषधे घेणाऱ्यांचा भरणा असतो. "आम्ही खातरजमा करण्यासाठी पुन्हा दुसरी पट्टी लावली, तीही तशीच आली," असे जेव्हा एखादी कचेरी अभिमानाने सांगते, तेव्हा मला मनस्वी वाईट वाटते. कारण चुकलेल्या साक्षीदारालाच पुन्हा तोच प्रश्न विचारला तर तो पुन्हा तेच उत्तर देणार.

खरी खातरजमा निराळ्या यंत्राने होते. गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री अशी तिची लांबलचक नावे. पण काम समजायला कठीण नाही. नमुन्यातील पदार्थ आधी एकमेकांपासून वेगळे करायचे, मग प्रत्येकाच्या रेणूचे तुकडे करून त्या तुकड्यांचे वजन घ्यायचे. अ‍ॅम्फेटामिनच्या रेणूचा भार १३५, बुप्रोपिऑनचा सुमारे २४०. पट्टीला जे सारखे दिसले ते या तराजूवर क्षणभरही सारखे राहत नाही. अमेरिकेत १९८८ साली जे नियम झाले त्यांत म्हणूनच ही दुसरी तपासणी सक्तीची केली गेली, आणि तिच्यानंतरही निकाल सरळ मालकाकडे न जाता एका वैद्यकीय परीक्षकाकडे जावा, त्याने त्या माणसाशी स्वतः बोलून "तुम्हांला कोणती औषधे चालू आहेत?" हे विचारावे, चिठ्ठी तपासावी, आणि मगच मत द्यावे, अशी तजवीज झाली. वाहतुकीच्या नोकरांचा नमुना आज दोन बाटल्यांत विभागून ठेवतात, एकीत निदान ३० आणि दुसरीत १५ मिलिलिटर. आणि निकाल कळल्यापासून ७२ तासांत तो माणूस दुसरी बाटली निराळ्या प्रयोगशाळेत तपासण्याची मागणी करू शकतो.

यंत्रानंतरही डॉक्टराने विचारपूस का करावी, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर म्हणून स्कॉटलंडचा स्कीपटू अ‍ॅलन बॅक्स्टर याची हकीकत सांगतो. २००२च्या फेब्रुवारीत सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्ये त्याने स्लालम शर्यतीत कांस्यपदक मिळवले. बर्फावरील स्कीच्या शर्यतीत ब्रिटनला मिळालेले ते पहिलेच ऑलिंपिक पदक. त्याचे नाक चोंदले होते, आणि मायदेशी नेहमी वापरत असे तीच हुंगण्याची कांडी त्याने अमेरिकेतील दुकानातून घेतली. नाव तेच, वेष्टन जवळजवळ तेच. पण अमेरिकेतल्या कांडीत मेथअ‍ॅम्फेटामिनचा डावखुरा अवतार होता, जो ब्रिटनमधल्या कांडीत नव्हता. लुई पाश्चरने १८४८ साली स्फटिक निवडता निवडता दाखवून दिले, की एकच रेणू डाव्या आणि उजव्या हातांसारख्या दोन रूपांत असू शकतो. मेथअ‍ॅम्फेटामिनचा उजवा हात भयंकर नशा आणतो, डावा हात प्रामुख्याने नाक मोकळे करतो, आणि साधे यंत्र दोघांचे वजन सारखेच सांगते. बॅक्स्टरचा हेतू वाईट नव्हता हे क्रीडा लवादानेही मान्य केले. तरी पदक गेले ते गेलेच. आता हे पाहा, की सेलेजिलिन हे औषध, जे कंपवातावर देतात आणि ज्याची त्वचेवर लावण्याची पट्टी अमेरिकेत २००६ पासून उदासीवरही वापरतात, ते शरीरात याच डाव्या हाताच्या मेथअ‍ॅम्फेटामिनमध्ये बदलते. तिथे यंत्र खोटे बोलत नाही आणि माणूसही खोटे बोलत नाही. डावे-उजवे निवडणारी खास तपासणी मागवण्याचे ज्याला सुचेल, असा जाणता माणूसच तिथे हवा.

आणि नियम चुकले असतील तर ते दुरुस्त होऊ शकतात, याचाही दाखला आहे. खसखशीत मॉर्फिनचा अंश असतो. दिवाळीत अनारशांना आपण जी खसखस लावतो तीच ही. खसखस लावलेले पाव खाऊन लोक अफूबाज ठरू लागले, तेव्हा अमेरिकेने १९९८ साली अफूच्या वर्गाची मर्यादा मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून एकदम २,००० वर नेली.

आता या किनाऱ्यावर येतो. इथल्या घराघरांतली मुले बोटीवर जातात, आणि बोटीवर चढण्यापूर्वी त्यांची 'मेडिकल' होते. काही वर्षांपूर्वी याच तालुक्यातला, इंजिनरूममध्ये ऑइलर म्हणून काम करणारा एक तरुण, कोणाची तरी ओळख काढून माझ्या घरी आला. शर्टाच्या खिशात चार घड्या घातलेली झेरॉक्स होती. घड्यांवर शाई उडालेली, पण "अ‍ॅम्फेटामिन – पॉझिटिव्ह" एवढे वाचता येत होते. खाली गोल शिक्का. थोरला भाऊ गेल्यानंतर तो उदासीने खंगला होता, मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला बुप्रोपिऑन १५० मिलिग्रॅम सुरू केले होते, आणि तीन महिन्यांत तो पुन्हा जेवू-बोलू लागला होता. तपासणीच्या वेळी "काही औषध चालू आहे का?" असे त्याला कोणी विचारले नाही, आणि "वेड्याच्या गोळ्या" घेतो असे कळले तर नोकरी जाईल या भयाने त्यानेही सांगितले नाही. मी त्या तपासणी केंद्राला फोन करून नमुन्याची चौकशी केली. तो त्याच दिवशी मोरीत ओतला होता. पट्टीही कचऱ्यात गेली होती. म्हणजे जिच्यावरून एका माणसाची भाकरी काढून घेतली, ती वस्तूच शिल्लक नव्हती. फिर्याद होती, शिक्षा झाली होती, आणि पुरावा मात्र गटारात वाहून गेला होता. मी त्याची लघवी त्याच आठवड्यात तपासून घेतली. त्यात काहीच निघाले नाही. कारण विचारले तेव्हा त्याने मान खाली घालून सांगितले, "सर, निकाल हातात पडला त्या रात्रीच गोळ्या बंद केल्या." त्याची उदासी पुढच्या दोन महिन्यांत परत आली. आठ महिन्यांनी त्याला दुसऱ्या कंपनीत काम मिळाले. त्या वेळी तो औषध घेत होता की नाही, हे मला त्याने सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. विचारायला हवे होते.

त्याच्या हातातल्या कागदावर "हा निकाल प्राथमिक असून दुसऱ्या पद्धतीने पडताळणी आवश्यक आहे" हे एक वाक्य नव्हते. पट्टीच्या पाकिटातील माहितीपत्रकात ते असतेच. परंतु मी ज्या विभागाचा प्रमुख होतो त्या विभागाच्या छापील नमुन्यावरही ते बरीच वर्षे नव्हते. शिक्का करून घेतला होता तो "पॉझिटिव्ह" आणि "निगेटिव्ह" या दोनच शब्दांचा. ते वाक्य मी पुढे घालून घेतले, पण त्यापूर्वी माझ्या सहीने किती कागद बाहेर गेले याची गणती नाही. चांगल्या प्रयोगशाळा आता पहिल्या टप्प्यावर "पॉझिटिव्ह" म्हणतच नाहीत, "नॉन-निगेटिव्ह" म्हणतात. शब्द ओबडधोबड आहे. पण प्रामाणिक आहे.

या अन्यायाचा खरा भार कोणावर पडतो, याचा विचार मला वारंवार अस्वस्थ करतो. ज्याने दुखणे ओळखले, लाज बाजूला सारली आणि दवाखान्याची पायरी चढली, त्याच्यावरच तो पडतो; ज्याने काहीच केले नाही त्याची पट्टी स्वच्छ येते. अमेरिकेत २०१०च्या एप्रिलपर्यंत उदासीवरचे औषध घेणाऱ्या वैमानिकाला उड्डाणाची परवानगीच नव्हती. परिणामी काही जण औषध घेऊन लपवत आणि काही जण औषधावाचून उडत. मग तिथल्या विमान खात्याने फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, सिटालोप्रॅम आणि एस्सिटालोप्रॅम या चार औषधांना देखरेखीखाली मुभा दिली. आपल्याकडे २०२२च्या जानेवारीअखेर वैमानिक व हवाई नियंत्रकांच्या तपासणीचे जे नियम अमलात आले, त्यांत प्राथमिक आणि पडताळणीची अशा दोन पायऱ्या ठेवलेल्या आहेत, ही समाधानाची गोष्ट. २०१८ साली पंजाब सरकारने आपल्या सर्व नोकरवर्गाच्या तपासणीचा हुकूम काढला, तेव्हा पट्टीचा निकाल हाच अखेरचा समजला जाईल की काय, ही धास्ती मला वाटली होती. आणि जिथे जिथे अशी तपासणी घाऊक प्रमाणावर, दहा मिनिटांत, जागेवरच उरकली जाते, तिथे ती मला आजही वाटते.

औषधाचे नाव कोणाला सांगावे, हा प्रश्न इथले पालक मला विचारतात. तपासणी करणाऱ्या डॉक्टराला सांगावे. कारकुनाला किंवा एजंटाला सांगण्याचे कारण नाही. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क रोग्याला दिलेला आहे.

या सभेत बोटीच्या कंपन्यांच्या इथल्या कचेऱ्यांचे काही प्रतिनिधी बसलेले आहेत, त्यांना माझी विनंती आहे. नमुना दोन बाटल्यांत घ्या, दुसरी सीलबंद करून शीतपेटीत ठेवा, आणि पडताळणीचा निकाल हाती येईपर्यंत त्या मुलाला फार तर थांबवून ठेवा. बडतर्फ करू नका. आणि ज्यांची मुले मेडिकलला निघाली आहेत त्या आईबापांना एवढेच सांगतो, की डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधाचे पाकीट त्याच्या बॅगेत घाला, निकाल विरुद्ध आला तर यंत्रावरची पडताळणी लेखी मागा, आणि मेडिकल आहे म्हणून त्याच्या गोळ्या आदल्या आठवड्यात परस्पर बंद करू नका. बंद करायच्याच असतील तर ज्यांनी त्या लिहून दिल्या त्या डॉक्टरांना आधी भेटा.